पहिल्या रविवारचा डबा

आमच्या घरातून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक स्टीलचा डबा खाडी ओलांडून करंज्याला जातो आणि तसाच दुसरा तिकडून येतो. कडीचा डबा, आत तांदूळ, तांदळात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली हार्ड डिस्क. तांदूळ ओल शोषून घेतात असं मला सुरुवातीला वाटायचं. फारसे शोषत नाहीत. म्हणून आता सिलिका जेलच्या पुड्याही टाकते. तांदूळ मात्र काढलेले नाहीत. एक तर लाँच हेलकावली तरी डिस्क डब्यात आपटत नाही. शिवाय करंज्याची आत्या कुणाचा डबा रिकामा परत करत नाही. ती तिचे तांदूळ भरून पाठवते, मी माझे. सात वर्षांत किती किलो तांदूळ इकडचे तिकडे झाले, त्याचा हिशेब कुठल्याच लॉगमध्ये सापडायचा नाही.

पहिली काही वर्षं डबा नेणारे म्हणजे आमचे डायवरकाका. तेव्हा रेवस-करंजा लाँचवर इंजिन ड्रायव्हर. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही, मीही मारणार नाही. कॉम्प्युटरला त्यांनी आजतागायत हात लावलेला नाही. लावायला सांगितलं तर दोन्ही हात पाठीमागे घेतात, जसं देवळात पुजाऱ्याने गाभाऱ्यात बोलावलं की माणूस घेतो तसे.

२०१६ साली बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि मी मुंबईची नोकरी सोडून रेवसला परत आले. वीस वर्षं एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात काढली होती. तिथे सगळं थंडगार खोलीत. दोन जनरेटर, दोन वेगळ्या लाइनी, आणि दुसऱ्या शहरात अगदी असाच दुसरा संच. इथे आले तर खिडकीच्या गजावर महिन्याभरात गंज चढतो, पावसाळ्यात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि मोबाइलची रेंज जेट्टीकडच्या खिडकीत मिळते, स्वयंपाकघरात नाही. बाबांच्या व्यायामाचे व्हिडिओ डॉक्टरांनी पाठवले होते. ते रोज सकाळी नेटवरून उतरवून दाखवायचे म्हणजे बाबा खुर्चीत बसून चाकासारखा फिरणारा गोल बघत राहायचे. ते व्हिडिओ घरातच कुठेतरी असावेत, एवढ्यापासून माझ्या सर्व्हरची सुरुवात झाली. स्वातंत्र्य, खाजगीपणा वगैरे मोठे शब्द मला नंतर सुचले.

२०१७ च्या दिवाळीत लॅमिंग्टन रोडवरून रास्पबेरी पाय आणला. पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर. त्यावर डेबियन घातलं, फाइली ठेवायला नेक्स्टक्लाउड घातलं, जाहिराती अडवणारं पाय-होल घातलं, पुढे किविक्सवरून अख्खा मराठी विकिपीडिया उतरवून ठेवला. नेट नसतानाही शेजारची पोरं घरी येऊन तो चाळायची. पाय, डिस्क आणि राउटर मिळून बारा वॉटच्या आसपास. महिन्याचे साडेआठ-नऊ युनिट. एका लहान दिव्याइतकं. आई म्हणायची, दिवा निदान उजेड तरी देतो.

काका बाबांना बघायला यायचे. दोघे एकाच वर्गातले. एका संध्याकाळी ते बाबांशी बोलता बोलता थांबले आणि खिडकीकडे बघत राहिले.

"ही वायर कनी लावली गो?"

मी लावली होती. छपरावरच्या अँटेनाची वायर वरून सरळ उतरून भिंतीच्या भोकातून आत, थेट राउटरला. मला ती नीटनेटकी वाटत होती.

"वायरीला पोट नाय," काका म्हणाले. "पानी वायर धरून सरल घरान येल."

त्यांनी वायर बाहेर ओढली, भोकाच्या खाली वीतभर लोंबेल अशी वाकवली आणि मग वर नेऊन आत घातली. पाऊस पडला की पाणी वायरीवरून ओघळत त्या पोटाच्या तळाशी येतं आणि तिथून टपकतं. चढ चढून घरात येत नाही. आमच्या बँकेच्या त्या थंडगार खोलीत वीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे पाऊसच नव्हता.

मग एकेक सुरू झालं. तांब्याच्या जोडांवर हिरवा बुरा धरायचा; त्यांनी बॅटरीच्या टोकांना लावतात तसं व्हॅसलिन लावायला शिकवलं. मी इन्व्हर्टर घ्यायच्या विचारात होते. काकांनी राउटर उलटा करून त्याच्या पोटावरचं बारीक अक्षर माझ्याकडून वाचून घेतलं. बारा व्होल्ट. "बॅटरी बाराची, ह्या बाराचा. मंग मधी दोनशे तीस कला करतंस?" प्रश्न बिनतोड होता. बारा व्होल्टचे दोनशे तीस करायचे आणि मग त्याचे परत बारा करायचे, आणि या खटाटोपात इन्व्हर्टरने स्वतःच दहा-पंधरा वॉट खायचे, म्हणजे माझ्या सगळ्या पसाऱ्याइतकेच. काकांनी शंभर अँपिअर-अवरची बॅटरी मिळवून दिली. अर्धीच वापरायची धरली तरी सहाशे वॉट-अवर. बारा वॉटला पन्नास तास. चार्ज होताना बॅटरी चौदाच्या वर जाते म्हणून मधे एक रेग्युलेटर, आणि पायसाठी पाच व्होल्ट करणारी चिमुकली पट्टी. एवढंच. लाँचवर असंच असतं, म्हणाले.

लाँचवर एक वहीही असते. इंजिन किती वाजता चालू केलं, ऑइल किती, कूलिंगचं पाणी कसं होतं, कुठला नट आवळला. तशीच एक लांबट वही त्यांनी मला आणून दिली. मी सांगायला गेले की मशीन स्वतःच सगळं लिहून ठेवतं, त्याला लॉग म्हणतात. त्यांनी ऐकून घेतलं.

"ता मशीन लिवतंय. तू काय केलास ता तू लिव. काय नाय केलास ता पन लिव."

आमच्या भागात नोंदीचं हे वेड उगाच नाही. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. नेमकी किती, हे आजही प्रत्येक जण वेगळं सांगतो. काका लहानपणापासून हे ऐकत आलेले. लाँच सुटण्याआधी त्यांची मान इंजिनाच्या खोलीतून वर यायची आणि ते स्वतः माणसं मोजायचे. मोजणं हे त्यांचं काम नव्हतं.

डब्याची कल्पना मात्र माझी. बँकेतला दुसऱ्या शहरातला संच डोक्यात होता. सगळं एकाच छपराखाली ठेवायचं नाही, एवढं मला पक्कं शिकवलं होतं. नेटवरून रोज दुसरीकडे पाठवायचं तर इथली लाइन पुरत नव्हती. करंज्याला आत्या. लाँचने पंधरा मिनिटं. रस्त्याने जायचं तर पोयनाड, वडखळ, पेण करत उरण, म्हणजे अर्धा दिवस मोडला. दोन डिस्क घेतल्या. एक इथे, एक तिथे, महिन्याने अदलाबदल. २०१८ च्या शिमग्यानंतर पहिला डबा गेला. आत्याने तो देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला आणि पहिल्या दिवशी त्याला हळदकुंकू लावलं. मी काही बोलले नाही.

डिस्क दुसऱ्यांच्या हातून जाणार म्हणून तिला कुलूप घातलं होतं; सांकेतिक वाक्य टाकल्याशिवाय उघडायची नाही. मी उद्या नसले तर काय, म्हणून ते वाक्य कागदावर लिहून, पाकीट चिकटवून काकांकडे ठेवायला दिलं. पंधरा दिवसांनी ते मोठ्या आनंदाने आले. पाकीट पावसात भिजेल म्हणून त्यांनी अलिबागला नेऊन, फोडून, आतला कागद लॅमिनेट करून आणला होता. दुकानातल्या पोराने स्पेलिंगची एक चूक दाखवली, तीही पेनाने दुरुस्त करून घेतली होती. ती चूक मी मुद्दाम केली होती. वाक्य बदलावं लागलं. नवं पाकीट लॅमिनेट करूनच दिलं.

२०१९ च्या जुलैत बाबांना मुंबईला हलवावं लागलं. नव्या डॉक्टरांना आधीच्या झटक्याचे स्कॅन हवे होते. ते होते रेवसच्या सर्व्हरवर. आमच्या मोबाइल नेटला बाहेरून येणाऱ्याला दाखवता येईल असा स्वतःचा पत्ता नसतो. हजारो गिऱ्हाइकं एकाच पत्त्यामागे बसलेली असतात. ओहोटीला लाँच जेट्टीला लागू शकत नाही तेव्हा होडी बाहेर जाऊन माणसं घेऊन येते, तसं करायचं: घरच्या मशीनने स्वतः बाहेर जाऊन भाड्याच्या एका सर्व्हरला दोर बांधायचा आणि मी त्या दोराने आत यायचं. हा दोर म्हणजे वायरगार्ड. तो उत्तम चालत होता. त्या आठवड्यात तीन दिवस वीज गेली, माझे पन्नास तास संपले, आणि वीज आल्यावरही दोर लागेना.

कारण कळायला मला रात्र लागली. त्या पायमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. बंद पडलं की त्याची वेळ तिथेच थांबते, चालू झालं की तिथूनच पुढे. म्हणजे आमचं मशीन जवळजवळ एक दिवस मागे जगत होतं. वेळ दुरुस्त करायला त्याने नेटवरच्या घड्याळाला विचारायला हवं. विचारायचं तर त्या घड्याळाच्या नावावरून पत्ता शोधायला हवा. पत्ता खोटा नाही ना हे बघायला मी हौसेने सह्या तपासणारी व्यवस्था लावली होती; आणि एक दिवस मागे असलेल्या मशीनला आजच्या सह्या उद्याच्या तारखेच्या, म्हणून बनावट वाटत होत्या. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तसला प्रकार. भाड्याच्या सर्व्हरचा पत्ताही नावानेच दिलेला, त्यामुळे दोरही अडकला. स्कॅन पुन्हा काढावे लागले. पैसे गेले त्याचं काही नाही; बाबांना त्या नळीत पुन्हा झोपवावं लागलं.

परत आल्यावर सव्वाशे रुपयांचा एक घड्याळाचा तुकडा बसवला, नाण्याएवढ्या सेलवर चालणारा. काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी मनगटावरचं चावीचं एचएमटी कानाला लावलं, माझ्याही कानाला लावलं, आणि काहीच बोलले नाहीत.

बाबा त्या दसऱ्याआधी गेले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले तिकडे येते. मागची सगळी उपकारांची यादी मला सोपी जाते; कुणाकडून काय घेतलं ते सांगताना माणूस स्वतःच थोडा चांगला दिसतो. पुढचं तसं नाही.

२०२० च्या जानेवारीत डबा घेताना काकांनी विचारलं, "ह्या उलटा भरून बगलीस कवा?"

मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं की लाँचवर पाणी उपसायचा एक जादा पंप असतो. मुख्य पंप चालतोय म्हणून त्याची गरज कधी पडत नाही. तरी ते दर आठवड्याला तो चालवतात. नुसतं चालू करून घरघर ऐकायची नाही. बादलीभर पाणी ओतायचं आणि ते बाहेर पडताना डोळ्यांनी बघायचं. "चालू हाय म्हंजे बरा हाय असा नाय गो."

मी म्हटलं, रोज रात्री प्रत झाली की मशीन मला निरोप पाठवतं. काकांनी डबा बगलेत मारला आणि निघून गेले. १ मार्चच्या रविवारी शेवटची अदलाबदल झाली. १५ मार्चला मांडव्याची रो-रो सुरू झाली, तिचं कौतुक करायला गावातली निम्मी माणसं गेली होती. मग टाळेबंदी. रो-रो बंद, लाँच बंद, डबा बंद.

घरी बसलेल्या लोकांना कागद आठवले. सातबारा, होडीची नोंदणी, डिझेलच्या कोट्याची पत्रं, शाळेचे दाखले. माझ्याकडे स्कॅनर होता. बोडणीपर्यंतची माणसं तोंडाला रुमाल बांधून यायची, ओट्यावर कागद ठेवायची, मी स्कॅन करून मागे ठेवायचे. एकवीस घरांचे कागद झाले. मी कुणाकडून पैसे घेतले नाहीत, आणि त्याचा मला अभिमान होता, हेही लिहायला हवं. मे महिन्यात काका आले. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. इंजिन ड्रायव्हरचं ऐंशीच्या दशकातलं सर्टिफिकेट, घडीवर फाटलेलं, आणि नोकरीचे चार दाखले. कागद पुढे करताना त्यांनी विचारलं, "ऱ्हाईल ना ह्या?" मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

२ जूनला वादळाची सूचना आली. संध्याकाळी मी प्रतीची डिस्क काढून डब्यात घातली, झाकण लावलं, डबा ओट्याखाली ठेवला. मुख्य डिस्क चालू ठेवली. प्रत आहेच की. ३ जूनला दुपारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा. त्याचा आवाज पुष्कळांनी लिहिला आहे, मी लिहीत नाही. आमचे पुढचे पत्रे गेले, त्यांच्यामागून एक वासा आला तो थेट टेबलावर. पायचे दोन तुकडे, त्यातल्या कार्डाचेही. चालू डिस्कवर छपराचं पाणी. वाडीतली सुपारी आडवी. काकांच्या घराचे सगळे पत्रे गेले आणि ट्रंकेत पाणी शिरलं. त्यांच्या मूळ कागदांचा लगदा झाला. वीज बारा दिवस नव्हती.

डबा कोरडा होता. पाचव्या दिवशी काकांच्याच बॅटरीवर लॅपटॉप चालवून डिस्क उघडली. कागदांच्या फोल्डरमधली शेवटची तारीख ११ एप्रिल.

त्या दिवशी मशीन बंद पडून पुन्हा चालू झालं होतं. चालू होताना प्रतीची डिस्क मशीनला वेळेत सापडली नाही, म्हणून ती जोडली गेली नाही. डिस्क जोडायची असते त्या ठिकाणी एक रिकामं फोल्डर असतं. प्रत करणाऱ्या प्रोग्रामने बघितलं, फोल्डर आहे. त्याने इमानदारीने त्यातच प्रत टाकली. म्हणजे डिस्कवर नाही, पायच्या स्वतःच्या कार्डावर. कागदांचं फोल्डर आठ-नऊ जीबीचं, त्यामुळे कार्ड भरलं नाही आणि कुठे बोंब झाली नाही. रोज रात्री मला निरोप यायचा, प्रत झाली. खोटं नव्हतं ते. डिस्क जोडलेली आहे का हे आधी तपासणारी एक ओळ मी लिहायला हवी होती. एक ओळ. बँकेत ती नवशिक्याने विसरली असती तर मी त्याला दिवसभर ऐकवलं असतं.

११ एप्रिलनंतर चार घरांचे कागद आले होते. तिघांचे मूळ कागद शाबूत होते. चौथे काका.

मी जेट्टीवर जाऊन सांगितलं. जेट्टीवर कुणी नव्हतं, लाँच बांधलेली. त्यांनी सगळं ऐकलं.

"कवापासून नाय?"

"११ एप्रिलपासून."

"वहीन लिवलास?"

वही वासराच्या गोठ्यात सुकत घातली होती. मी म्हटलं, लिहिते. ते माझ्याबरोबर घरापर्यंत आले, आईची विचारपूस केली, आणि चहा न घेता गेले. बाबा असल्यापासून असं कधी झालं नव्हतं. आईने कप तसाच झाकून ठेवला.

सर्टिफिकेटची दुसरी प्रत मिळवायला सव्वा वर्ष लागलं. मी बरोबर जायचे. रांगेत बसल्यावर काका माझ्याशी मासळीच्या भावाबद्दल बोलायचे, खाडीत साठणाऱ्या गाळाबद्दल बोलायचे. पहिल्या दोन फेऱ्यांना मी एसटीचं त्यांचं तिकीट काढायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात बाजूला केला. तिसऱ्या फेरीला काढू दिलं.

लाँच पुन्हा सुरू झाली. पहिल्या रविवारी सकाळी काका दारात.

"डबा दे."

मी म्हटलं, काका, राहू दे, मी स्वतः नेत जाईन. त्यांनी ऐकलंच नाही असं केलं. डबा घेतला आणि उघडला. तांदळात हात घालून डिस्क बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. "तुझ्या बापाचा सातबारा काढ यातून."

मी लॅपटॉप आणला, वाक्य टाकलं, सातबारा उघडून दाखवला. त्यांनी तो नीट वाचला, गट नंबरासकट. मग डिस्क परत तांदळात. तेव्हापासून हा नेम. डबा निघण्याआधी काका एक काहीतरी मागतात आणि मला ते त्या डिस्कमधून काढून दाखवावं लागतं. काय मागतील याचा नेम नसतो. कनकेश्वरच्या यात्रेतला फोटो. होडीवाल्या अमक्याचं नोंदणीपत्र. एकदा बाबांचा चालायला लागतानाचा व्हिडिओ मागितला आणि तो संपेपर्यंत उभे राहिले.

एकदा त्यांनी गावच्या उत्सव मंडळाचं पत्र मागितलं, बाबा सेक्रेटरी असतानाचं. फाइल मिळाली, उघडलीही, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, उद्गारचिन्हं यांची भेळ. अलिबागच्या डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीत टाइप केलेलं पत्र. तो फाँट आता माझ्या मशीनवर नव्हता. युनिकोडच्या आधीच्या काळात मराठी अक्षरं अशी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत, फाँटचा मुखवटा काढला की खालचा मजकूर कुणालाच वाचता येत नाही. काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "कागद हाय, पन बोलत नाय." पुढचे तीन महिने माझे ती सगळी पत्रं युनिकोडमध्ये आणण्यात गेले. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागतात. 'वर्गणी'ची 'वगर्णी' झालेली मी कितीदा दुरुस्त केली असेल.

२०२१ मध्ये नवं मशीन घेतलं, जुन्या बाजारातला एका कचेरीतून निघालेला छोटा डेस्कटॉप. घाई केली नाही. अलिबागची चुंबकीय वेधशाळा आम्हाला शाळेतून दाखवायला न्यायचे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतली नाजूक मोजमापं बिघडणार, म्हणून ती १९०४ मध्ये अलिबागला आणली. इमारतीच्या दगडातही लोखंडाचा अंश नको म्हणून पोरबंदरचा दगड. नानाभाई मूस तेव्हा संचालक होते. १९०६ पर्यंत दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं. दोन्हीकडचे आकडे ताडून झाल्यावरच कुलाब्याचं बंद केलं. शाळेतल्या भेटीतला मला फक्त तिथल्या आंब्याच्या झाडांचा गारवा आठवत होता. आता ती दोन वर्षं आठवली. वादळानंतर काम भागवणारं मशीन आणि हे नवं, दोन्ही मी दोन महिने शेजारी शेजारी चालवली. आई म्हणाली, आता दोन दिवे.

काका निवृत्त झाले, गुडघे गेलेत. डबा आता त्यांचा पुतण्या नेतो. तोही लाँचवरच आहे. करंज्याच्या पुलाचं काम सुरू झालंय. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकत आलो त्या पुलाचं. तो झाला की डबा गाडीने दहा मिनिटांत जाईल. आत्या म्हणते, मग तांदूळ जास्त पाठवता येतील.

पहिल्या रविवारी सकाळी फोन मात्र काकांचाच येतो. मी डिस्क लावून बसलेली असते. ते सांगतात, मी काढते आणि फोनवर मोठ्याने वाचून दाखवते, ते तिकडे हुंकार देत ऐकतात. जून सोडून. जूनमध्ये त्यांचं मागणं ठरलेलं असतं. २०२५ मध्ये १ तारखेलाच रविवार आला.

"माजा सर्टिफिकेट काढ," काका म्हणाले.

"नवं आहे, काका. दुसरी प्रत."

"जुना."

"जुनं नाही."

"मंग लिव."

मी वही ओढली. पानांना अजून गोठ्याचा वास येतो. १ जून २०२५. डायवरकाकांचं सर्टिफिकेट, जुनं. शोधलं. नाही.

"लिवलास?"

"लिहिलं."

"बरा. तो पोरगा दारान उभा हाय, त्याला डबा दे. भांगाची भरती हाय, पानी लवकर उतरंल."